चटणीच्या रंगाचं बाथरूम

बाईंनी मला चित्रकलेत दहापैकी चारच्या वर कधी मार्क दिले नाहीत. ते बरोबरच होतं. सातवीत मी काढलेल्या आंब्याखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘हा बटाटा असेल तर सहा.’

भोर आणि वेल्हे, दोन्हीकडची निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. कुणी मिस्त्री झालं, कुणी सुतार, कुणी एसटीत लागलं. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. दुसरी कुठली बाई असेल तर तिचं नाव सांगावं लागे. माझं लग्न भोरमध्येच झालं. सासरी टाइल्स, नळ आणि कमोडचं दुकान होतं. नवऱ्याला गिऱ्हाइकाशी बोलायचा कंटाळा, म्हणून ते मी चालवायला घेतलं आणि अजून चालवते. बाई रिटायर होऊन पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर एका सकाळी त्या दुकानात आल्या. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, उजव्या हातात छत्री. ऊनही नव्हतं आणि पाऊसही नव्हता. छत्री बोटासारखी वस्तू दाखवायला होती. तिच्या टोकाने त्यांनी भिंतीवरच्या डॉल्फिनच्या टाइलवर टकटक केलं.

‘हा मासा मी अंघोळ करताना माझ्याकडे का बघणार?’

‘बाई, त्याला हायलायटर म्हणतात. खूप चालतो सध्या.’

‘कुणाकडे चालतो?’

‘गावात मोठमोठ्यांच्या घरी बसवलाय.’

‘तरीच,’ बाई म्हणाल्या आणि छत्री धबधब्याच्या टाइलकडे वळवली.

प्रकरण असं होतं. बाई भोरजवळच्या उत्रोलीत एकट्या राहत. घर चांगलं, मागे भाताची खाचरं. पण न्हाणीघर जुनं, शहाबादी फरशीचं. त्या फरशीवर शेवाळ धरायचं आणि एके दिवशी त्यावरून बाई घसरल्या. मनगट मोडलं. मुलगा पुण्यात इंजिनिअर. तो आला, त्याने न्हाणीघर पाहिलं आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत इथं नीट बाथरूम झालं तर ठीक, नाहीतर आईने पुण्याला यायचं. फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. आईची खोली तयार. त्याचं काही चुकत नव्हतं. माझी आई अशी पडली असती तर मी दिवाळीपर्यंतसुद्धा थांबले नसते.

बाईंचं म्हणणं वेगळं होतं. ‘त्याच्या घरात भिंती बिस्किटाच्या रंगाच्या, सोफा बिस्किटाच्या रंगाचा, पडदे बिस्किटाच्या रंगाचे. मी बिस्किटाच्या पुड्यात मरायचं का?’

‘मरायचं कुणी म्हटलंय? राहायचं म्हणतोय तो.’

‘तिथं राहणं म्हणजे तेच.’

म्हणजे दिवाळीला चार महिने होते, बाईंना स्वतःच्या घरात राहायचं होतं, आणि ते सगळं एका बाथरूमवर आलं होतं. एखाद्या शहाण्या माणसाने पांढऱ्या टाइल्स, खरखरीत फरशी, स्टीलचे दांडे बसवून महिन्यात विषय संपवला असता. पण बाईंना बाथरूम हवं होतं ते त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी पाहिलेलं.

त्या पुण्यात चित्रकला शिक्षिकेचा कोर्स करत होत्या तेव्हा एका आर्किटेक्टच्या बंगल्यात शिकवणीला जात. त्या घरात काही कोरलेलं नव्हतं, म्हणे. ठेंगणा दिवाण, वेताच्या खुर्च्या, बारीक पायांचं टेबल, जमिनीला मोझॅक आणि हिरव्या चौकोनी टाइल्सचं बाथरूम. ‘हात धुवायला म्हणून गेले आणि अर्धा तास बाहेरच आले नाही. त्यांना वाटलं माझं पोट बिघडलंय.’ मग लग्न झालं. यजमान कचेरीत होते, त्यांना सगळं कोरीव लागे. सिंहाचे पंजे असलेला सोफा, मोर असलेली शोकेस. बाईंनी चाळीस वर्षं त्या मोराची धूळ पुसली. यजमानांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यांनी सोफा टेम्पोत घालून वेल्ह्याकडच्या एका नात्यातल्या माणसाकडे पाठवून दिला.

नातीने पुण्याहून मोबाईलवर फोटो पाठवले. ‘आजी, तू म्हणतेस त्या स्टाइलला मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात.’

‘आम्ही त्याला नवीन म्हणत होतो,’ बाई म्हणाल्या.

पुढचे चार महिने मला हे ‘नवीन’ पुरलं. सोफ्याच्या जागी ठेंगणा दिवाण आला. लोखंडी कपाटाला हळदीचा रंग दिला. शोकेस गेली आणि तिच्या जागी काहीही आलं नाही. भिंतीवर एकच चित्र राहिलं, तेही मधोमध नाही. शेजारणींना काळजी वाटली. एकीने मला दुकानात येऊन हळूच विचारलं, ‘बाईंनी घर विकाय काढलं काय ओ? समदं रिकामं झालंय.’ मग गावाने ती रिकामी जागा मनावर घेतली. कुणी प्लॅस्टिकच्या गुलाबांची फुलदाणी आणून दिली, कुणी भिंतीवरचं घड्याळ. घड्याळं पाच झाली. बाई प्रत्येकाला ‘छान आहे’ म्हणत, चहा देत आणि माणूस वळला की घड्याळ शाळेत पाठवत. शाळेच्या एकेका वर्गात दोन-दोन घड्याळं झाली. त्यांची वेळ एकमेकांशी जुळत नाही अशी तक्रार हेडमास्तरांनी माझ्याकडे केली. माझ्याकडे का, ते मला कळलं नाही.

आता रंगाचं सांगते. मी कॅटलॉगमधले सगळे हिरवे दाखवले. बाई प्रत्येकावर छत्री टेकवत गेल्या. ‘हा पोपट. हा भेंडी. हा दवाखाना.’

‘मग तुम्हाला हवा तो कुठला?’

‘पुदिन्याच्या चटणीत दही घातलं की येतो तो.’

‘दही किती?’ मी वैतागून विचारलं.

त्यांना तो प्रश्न योग्य वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टीलच्या डब्यात चटणी पाठवली. डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर लिहिलेलं, ‘नमुना. खाऊ नये.’ तो डबा मांडीवर घेऊन मी नसरापूरपर्यंत शेअर रिक्षाने आणि तिथून बसने पुण्याला गेले. तीन गोडाऊन पालथी घातली. तिसऱ्यात मागच्या बाजूला जुना माल पडून होता, चार इंची चौकोनी टाइल्स, अगदी साध्या. मी डबा उघडला, एक टाइल चटणीशेजारी धरली. तंतोतंत. गोडाऊनवाल्याने विचारलं, ‘भाकरी आणू का?’

बाईंनी टाइल खिडकीत नेऊन पाहिली. ‘ही कालची चटणी आहे.’

‘म्हणजे?’

‘सकाळी केलेली चटणी दुपारपर्यंत काळवंडते. तू संध्याकाळची चटणी जुळवून आणलीस. रंगाची जाण तुला तेव्हाही नव्हती.’

मी परत गेले. या वेळी डबा नेला नाही, पुदिना, दही आणि मिरची वेगवेगळी नेली आणि गोडाऊनमध्ये बसून चटणी कालवली. त्याच थप्पीच्या खाली फिक्या रंगाची दुसरी थप्पी निघाली. माल आणला. उरलेल्या चटणीबरोबर गोडाऊनवाल्याने खरंच भाकरी खाल्ली.

मिस्त्री बाईंचाच विद्यार्थी होता. वजन शंभराच्या पुढे, आवाज त्याहून मोठा. कुठल्याही इंजिनिअरला उभ्या उभ्या गप्प करणारा माणूस, पण बाई दारात आल्या की हातातली थापी मागे लपवायचा. बाईंची पद्धत अशी की एक भिंत पुरी झाली की टाइल्सच्या वर जो चुन्याचा पट्टा राहतो त्यावर त्या पेन्सिलीने मार्क लिहीत. पहिल्या भिंतीला चार पडले. मिस्त्रीने चार वाचले, माझ्याकडे पाहिलं, सगळ्या टाइल्स सिमेंट ओलं असतानाच काढल्या आणि पुन्हा बसवायला घेतल्या.

‘अरे, सांधा केसभर तर हललाय,’ मी म्हटलं. ‘कुणाला दिसणार आहे?’

‘ताई, तुमी मधी पडू नगा. चौथीत पन मला चारच होते. बापानं लई मारला होता.’

दुसऱ्यांदा सात मिळाले. त्या दिवशी त्याने सगळ्यांना वडापाव आणला.

खिडकीवरून वाद झाला. बाईंना बाथरूमला कमरेपासून वरपर्यंत सिमेंटची जाळी हवी होती, मागची खाचरं दिसतील अशी.

‘बाई, भातातली मानसं बघत्याल,’ मिस्त्री म्हणाला.

‘त्यांना लावणी नाही का?’

‘लावनी संपल्यावं?’

‘संपल्यावर ती घरी जातील.’

जाळी बसली. तिची भोकं बाहेरून आतलं दिसणार नाही अशी तिरपी ठेवून मी माझ्यापुरता तो प्रश्न मिटवला आणि बाईंना सांगितलं नाही. फरशी मोझॅकची, जागेवर घातलेली. मिस्त्रीला ती आरशासारखी घोटायची होती आणि मी त्याच्या हातातून मशीन काढून घेतलं. आरशावरून म्हातारी बाई पुन्हा घसरली असती. फरशी खरखरीतच ठेवली. बाईंनी त्यावर अनवाणी फेऱ्या मारून साडेसात दिले.

सुतार वेल्ह्याकडच्या मार्गासनीचा. तोही विद्यार्थी, पण हा गुणी विद्यार्थी. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास. बाईंनी त्याला जेवणाच्या टेबलाचं चित्र आलेखाच्या कागदावर काढून दिलं. पाय वरून जाड, खाली निमुळते आणि बाहेरच्या बाजूला कललेले. नुकतं जन्मलेलं वासरू पहिल्यांदा उभं राहतं तसं. सुताराने कागद कपाळाला लावून त्याची घडी घातली. तीन आठवड्यांनी टेम्पोतून टेबल आलं. घरच्या सागाचं, सुरेख. आणि पाय सरळ, वरपासून खालपर्यंत सारखे, लाटण्यासारखे गोल.

बाई टेबलाभोवती एक फेरी फिरल्या. ‘हे काय केलंस?’

सुतार खाली बघायला लागला. मग म्हणाला, ‘बाई, राग मानू नका. तुमचा हात मोडल्याला. वय बी झालं. म्या कागद बघितला तवाच वळखलं, हात थरथरला असंल, म्हून रेघ तिरकी गेली. म्या कुणाला बोललो न्हाई. गुपचूप सरळ करून घेतलं.’

‘माझा डावा हात मोडलाय. मी उजव्याने काढते.’

‘व्हय, पन तुमीच शिकवलं व्हतं, रेघ सरळ पायजे.’

तीस वर्षं ज्यांनी मुलांच्या तिरक्या रेघा खोडल्या त्यांना आता तिरकी रेघ हवी होती, आणि सगळा तालुका ती सरळ करून द्यायला बसला होता. शेवटी त्या म्हणाल्या, ‘कारागिरीला नऊ. आता हे काढ आणि तिरके बसव.’ सुताराने नवे पाय केले. जुने चार बाईंनी परसात नेऊन घेवड्याच्या वेलाला टेकू म्हणून लावले.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि दांड्यांवर येऊन सगळं अडलं. मुलाच्या यादीत शेवटची ओळ ती होती. कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागेला धरायचे दांडे, दोन-दोन. मी माझ्या दुकानातले चांगले जाड स्टीलचे दांडे नेले. बाईंनी एक हातात घेतला आणि परत दिला.

‘दवाखान्यात राहायचं असतं तर दवाखान्यातच गेले असते.’

‘बाई, तो एवढ्यावरून नाही म्हणेल.’

‘म्हणू दे.’

‘तो म्हणाला की झालं. चार महिने कशासाठी केलं मग हे?’

‘चांगलं दिसावं म्हणून केलं. आता ते मीच वाईट करू?’

मी चिडून निघून गेले. मिस्त्रीने जाऊन पाहिलं, मला येऊन सांगितलं, बाई आता मार्कपण देत नाहीत. हे लक्षण बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी गेले तर बाई ओसरीवर बसून ब्रश धूत होत्या आणि एकेक कागदात गुंडाळून ठेवत होत्या.

‘कुठं निघालात?’

‘बिस्किटांत.’

मला समजूत घालता येत नाही. मी परसात जाऊन उभी राहिले. समोर घेवडा होता, चांगला फुललेला, आणि त्याला टेकू लावलेले सागाचे चार पाय. सव्वादोन फूट लांब, मुठीत बसतील एवढे जाड, गुळगुळीत. पावसात दोन महिने उभे राहूनसुद्धा वाकले नव्हते. मी वेल सोडवला, चारही उपटले, हापशावर धुतले आणि आत नेऊन बाईंच्या पुढ्यात ठेवले.

बाईंनी एक उचलला. मुठीत धरला. मग बाथरूममध्ये जाऊन हिरव्या टाइल्सवर आडवा लावून पाहिला. आतून आवाज आला, ‘मिस्त्रीला बोलाव. आणि वेलाला बांबू लाव, तसाच टाकू नकोस.’

पितळी कड्या करून, भिंतीत लांब बोल्ट घालून चारही बसवले. सुताराने पाणी लागू नये म्हणून वार्निशचे चार हात दिले. बसवल्यावर मी मिस्त्रीला एकेकाला लोंबकळायला लावलं. चौथ्याला लोंबकळताना तो म्हणाला, ‘ताई, हे तुटलं तर मला कोन धरनार?’ तुटलं नाही.

मुलगा दिवाळीच्या आदल्या रविवारी आला. शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होता, त्यामुळे मी त्याला पहिल्यापासून ओळखते. हातात यादी. त्याने फरशीवर पाणी ओतलं, साबण घासला, त्यावर चालला. गरम पाणी पाहिलं. दार बाहेरून उघडतं का पाहिलं. बाई दाराशी भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभ्या होत्या. आम्ही वही तपासून घ्यायला तशा उभ्या राहायचो. मग तो कमोडवर बसून पाहायला खाली बसला आणि बसल्या बसल्या यादी वाचायला लागला.

‘आई, सगळं चांगलं झालंय. खरंच. पण दांडे नाहीत. मी स्पष्ट लिहिलं होतं. दांडे नसतील तर मी काही ऐकणार नाही,’ असं म्हणत तो उठला.

‘मग आत्ता कशाला धरून उठलास?’ बाईंनी विचारलं.

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात दांड्यावर होता.

‘हे टॉवेलसाठी आहे ना?’

‘टॉवेलला बाहेर दोरी आहे.’

त्याने दांडा ओढून पाहिला, मग दोन्ही हातांनी, मग भिंतीला पाय लावून. बाहेरून मिस्त्री म्हणाला, ‘सायेब, म्या लोंबकाळलोय त्याला. जाळी हलंल, त्यो न्हाई हलायचा.’

मुलगा दांडा सोडेना. अंगठ्याने लाकडावरून फिरवत राहिला. बाईंनी कानामागची पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली. ‘लिही. दहापैकी.’

‘मी?’

‘तपासायला तूच आलास ना?’

त्याने दारामागच्या पट्ट्यावर लिहिलं, ‘आठ’. बाईंनी चष्मा वर करून वाचलं.

‘दोन कशाचे कापलेस?’

‘आई, तू मला पाचच्या वर कधी दिलेस?’

बाईंनी विचार केला. ‘बरोबर आहे,’ म्हणाल्या. ‘अक्षर मात्र अजून तसंच आहे.’ मुलगा संध्याकाळच्या आत एकटाच पुण्याला गेला.

तो गेल्यावर मी विचारलं, ‘आणि बाई, माझे किती?’

‘तुझे कशाचे? तू सामान आणलंस.’

‘दांड्यांची कल्पना माझी होती.’

‘ती सुताराची चूक होती. चुकीला मार्क नसतात.’ मी चपला घालेपर्यंत त्या थांबल्या. ‘रंग सोडून सहा.’

बाई त्या घरात पुढे सहा वर्षं एकट्या राहिल्या. गेल्या त्या झोपेत, त्या ठेंगण्या दिवाणावर. बाथरूममध्ये नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण गावात कुणीही कसंही गेलं तरी लोक बाथरूमवर ढकलतात आणि ते माझ्या कामावर येतं.

आता ते घर मुलाने भाड्याने दिलंय. भोरमध्ये बदलून आलेली एक नर्स राहते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला.

‘ताई, बाथरूममध्ये दारामागे पेन्सिलीने कुणीतरी आठ लिहिलंय. मी घासून घासून पाहिलं, जातच नाही.’

जाणार कसं? सुताराच्या उरलेल्या वार्निशचा हात बाईंनी फक्त त्या आठवर फिरवला होता.

‘घासू नका,’ मी म्हटलं. ‘ते बाथरूम तपासलेलं आहे.’

‘एवढं छान बाथरूम आहे ताई. मग आठच का?’

‘आमच्याकडं आठ म्हणजे खूप असतात,’ मी म्हटलं आणि गिऱ्हाईक आलं होतं म्हणून फोन ठेवला.